डोंगर विकावा कीं वाचावा?

गेल्या पौषांत आमचे दोन नातू नाताळच्या सुटीकरितां पुण्याहून आले होते. त्यांस अजिंठ्याचीं लेणीं दाखवावीं, म्हणून आम्ही मंडळी छत्रपति संभाजीनगराहून भल्या पहाटे निघालों. शहरापासून अजिंठा सुमारें शंभर किलोमीटर. फर्दापूरच्या बाजूला जेथें वाहनें थांबतात तेथें उतरतांच दगड विकणारांचा गराडा पडतो, हा अनुभव ज्यांनीं अजिंठा पाहिला आहे त्या सर्वांना असेलच. कोणाच्या हातांत हिरवट छटेचे चौकोनी खडे, कोणाच्या परडींत मोराच्या पिसाऱ्यासारखे पसरलेले गुलाबी पापुद्रे, तर कोणी नारळाएवढा ओबडधोबड गोटा मधोमध उघडून त्याच्या आंतील चमचमणारी पोकळी दाखवीत असतो. आम्ही नेहमींच्या संवयीनें "नको, नको" म्हणत पुढें चाललों होतों. इतक्यांत परडी खालीं ठेवून एका गृहस्थानें वांकून नमस्कार केला.

"गुरुजी, ओळखलंत का मला?"

सिल्लोड तालुक्यांतील ज्या शाळेंत आम्हीं संस्कृत आणि भूगोल हे विषय शिकविले, तेथें सुमारें तीस वर्षांपूर्वीं सातवींत असलेला हा आमचा विद्यार्थी. वडिलांची कोरडवाहू जमीन चार भावांत वांटली गेली, आणि ह्याच्या वांट्याला जें आलें त्यावर संसार चालेना, म्हणून तो ह्या धंद्यांत पडला. आमच्या धाकट्या नातवानें तेवढ्यांत तो उघडलेला गोटा उचलून विचारलें, "आजोबा, ह्याच्या आंत हे खडे कुणी बसवले?"

आम्हीं चौतीस वर्षें जें सांगत आलों तेंच सांगितलें, "बाळ, बसाल्ट हा अग्निजन्य खडक आहे."

त्यावर तो विद्यार्थी हंसला. त्या हंसण्यांत उपरोध नव्हता, पण आम्हांस तें लागलें. तो म्हणाला, "गुरुजी, हेच वाक्य तुम्ही आम्हाला लिहून दिलं होतंत. माझं अजून पाठ आहे. पण त्यानं दगड काही कळला नाही." आणि मग आवाज खालीं करून त्यानें पुढें विचारलें, "परवा कॉलेजची मुलं आली होती. ती म्हणत होती, परदेशात दगडांची उद्यानं असतात आणि तिथं दगड विकता येत नाही. आपल्याकडं तसं झालं तर चांगलं होईल म्हणे. गुरुजी, तसं झालं तर आम्ही खायचं काय?"

ह्या प्रश्नाला तत्काळ उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. नातवाचा प्रश्न विज्ञानाचा होता, विद्यार्थ्याचा पोटाचा होता, आणि दोन्हींपुढें आम्ही सारखेच निरुत्तर झालों. घरीं आल्यावर पुढील दोन महिने जें वाचलें, ज्या जाणत्यांना विचारलें, आणि पुन्हां त्या डोंगरांत जाऊन जें पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम हें दगडांचें उद्यान म्हणजे काय तें पाहूं. इंग्रजींत ज्यास 'जिओपार्क' म्हणतात त्यास आपण भू-उद्यान म्हणूं. उद्यान म्हटलें कीं कुंपण, फाटक, तिकीट, कारंजीं आणि झोंपाळे असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. भू-उद्यानांत ह्यांपैकीं कांहींच असावें लागत नाहीं. तेथें गांवें असतात तशींच राहतात, शेतें पिकतात, बाजार भरतात. ज्या सलग प्रदेशांत पृथ्वीच्या इतिहासाचीं जागतिक महत्त्वाचीं चिन्हें आहेत, तेथील लोकांनींच एकत्र येऊन त्या चिन्हांचें रक्षण करावें, तीं मुलांना व प्रवाशांना समजावून द्यावींत, आणि त्यांतून आपली उपजीविकाही चालवावी, अशी ही योजना आहे. २००० सालीं ग्रीस, जर्मनी, फ्रान्स आणि स्पेन ह्या देशांतील चार ग्रामीण प्रदेश ह्या कल्पनेनें एकत्र आले. २००४ सालीं त्याचें जागतिक मंडळ झालें, आणि २०१५ च्या नोव्हेंबरांत युनेस्कोनें हें कार्य आपलें म्हणून स्वीकारलें. २०२५ च्या एप्रिलांत अशा मान्यताप्राप्त उद्यानांची संख्या ५० देशांत २२९ झाली. त्यांत भारतांतील एकही नव्हतें, हें वाचून वाचकांस आमच्याप्रमाणेंच खेद झाल्यावांचून राहणार नाहीं.

ही मान्यता एकदां मिळाली म्हणजे कायमची, असेंही नाहीं. दर चार वर्षांनीं परीक्षा होते, आणि नापास होणारांची मान्यता काढून घेतली जाते. निवृत्त शिक्षक ह्या नात्यानें ही व्यवस्था आम्हांस फार आवडली. कारण आपल्याकडे पाटी लावण्याचा उत्साह मोठा असतो, पण चार वर्षांनीं ती पाटी जागेवर आहे कीं नाहीं हें पाहावयास कोणी जात नाहीं.

ग्रीसमधील लेस्बॉस बेटाचें उदाहरण आमच्या कामाचें आहे. आरंभींच्या चार प्रदेशांपैकीं तें एक. सुमारें दोन कोटि वर्षांपूर्वीं ज्वालामुखीच्या राखेखालीं तेथील अरण्य गाडलें गेलें आणि त्या वृक्षांचे दगड झाले. ह्या अश्मवृक्षांचा तुकडा घरीं नेणें तेथें गुन्हा आहे. परंतु ते पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांना तेथील स्त्रियांच्या सहकारी संस्था आपल्या हातचे मुरंबे आणि खाद्यपदार्थ विकतात, घरांत उतरवून घेतात. दगड जागेवर राहतो, आणि त्याच्या भोंवतीं चार घरांची चूल पेटते.

असो. आतां आमच्या डोंगराकडे वळूं. अमरकोशांत पाषाणाला सात नांवें एकत्र सांगितलीं आहेत. तीं आम्हीं विद्यार्थ्यांकडून शेंकडों वेळां घोकून घेतलीं, पण खिडकीबाहेर दिसणाऱ्या डोंगराकडे बोट करून "हा त्यांतील कोणता?" असें एकदांही विचारलें नाहीं. ज्यास शास्त्रज्ञ 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात तो हा आपला काळा पाषाण. 'ट्रॅप' हा शब्द उत्तर युरोपांतील भाषांतून आला असून त्याचा मूळ अर्थ पायरी किंवा जिना असा आहे. कन्नडचा घाट उतरतांना किंवा देवगिरीकडे जातांना डोंगराच्या अंगावर एकावर एक चढविलेल्या ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्यांवरूनच हें नांव पडलें. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोट. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतील तप्त रस एखाद्या शिखराच्या मुखांतून नव्हे, तर लांबच लांब भेगांवाटे उतू गेला, पसरला, निवाला, आणि त्यावर पुन्हां दुसरा लोट आला. आज सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर भूमि ह्या थरांखालीं आहे. पश्चिम घाटाकडे ह्या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरांच्याही वर जाते. त्याच काळाच्या सुमारास पृथ्वीवरून डायनोसॉर ह्या महाकाय प्राण्यांचा उच्छेद झाला. त्यास मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळलेली उल्का किती कारण आणि हे आपले लोट किती कारण, हा वाद जगांतील शास्त्रज्ञ अद्यापि घालीत आहेत. ज्या पाषाणावर आपण पाटा-वरवंटा केला आणि जातीं घडविलीं, त्याची साक्ष अशा मोठ्या खटल्यांत निघते, हें आपल्या घरांत किती जणांना ठाऊक असेल?

ह्या लोटांची रचना एकदां समजली कीं डोंगर वाचावयास येऊं लागतो. दुधाला ऊत आला म्हणजे वर जसा फेंस येतो, तसे निवत चाललेल्या लाव्ह्यांतील वायूचे बुडबुडे वर येऊन अडकतात. म्हणून थराचा वरचा भाग सच्छिद्र, आणि मधला भाग घट्ट व एकजीव. विहिरी खणणारे लोक हा भेद पुस्तकावांचून जाणतात. घट्ट खडकास ते काळा पाषाण म्हणतात, आणि बुडबुड्यांच्या खडकास कांहीं ठिकाणीं मांजऱ्या असें नांव आहे. दोन लोटांच्या मध्यें पुष्कळदां तांबड्या मातीचा पट्टा सांपडतो, तो गेरू. पहिला लोट निवाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ लोटला, त्यांत ऊनपावसानें पहिल्याचा माथा झिजून माती झाली, आणि पुढील लोटाच्या तापानें ती भाजली गेली. म्हणजे गेरूची ओळ ही त्या काळ्या पोथींतील दोन पानांमधली विश्रांति होय.

आतां नातवाच्या प्रश्नाचें उत्तर. बुडबुडे जेथें अडकले तेथें पोकळ्या राहिल्या. पुढें तप्त खडकांतून झिरपणारें ऊन पाणी आपल्याबरोबर विरघळलेलीं द्रव्यें घेऊन ह्या पोकळ्यांत शिरलें, आणि फार सावकाश तीं द्रव्यें भिंतींवर स्फटिकरूपानें जमलीं. पाकांत दोरा सोडून खडीसाखर करितात, तसाच हा प्रकार. मात्र ह्या साखरेला करणारा नाहीं आणि घाईही नाहीं. हे खडे कोणीं बसविले नाहींत, ते तेथेंच वाढले. त्यांतील मोठा वर्ग 'झिओलाइट' ह्या नांवाचा आहे. १७५६ सालीं क्रॉन्स्टेट नांवाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानें असा एक खडा तापविला, तों तो उकळल्यासारखा फुगला आणि त्यांतून वाफ निघाली. म्हणून 'उकळणारा दगड' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्यानें हें नांव ठेविलें. ह्या खड्यांच्या अंतरंगांत सूक्ष्म मार्ग असतात आणि त्यांत पाणी राहतें. जड पाणी मृदु करण्यासाठीं ह्याच जातीचीं द्रव्यें कारखान्यांत करून वापरतात. गुलाबी पापुद्र्यांचा तो स्टिल्बाइट, आणि हिरवट चौकोनी खडे त्याचा शेजारी अपोफिलाइट. महाराष्ट्रांतील हे नमुने जगांतील संग्रहालयांत मानानें ठेविलेले आहेत, आणि आपल्याकडे सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयांत ते पाहावयास मिळतात.

ह्या ज्ञानाचा चष्मा लावून लेण्यांकडे पाहिलें कीं आश्चर्य दुणावतें. वाघूर नदीनें नालाच्या आकाराची जी दरी कोरली, तिच्या कड्यांत अजिंठ्याचीं तीस लेणीं आहेत. नदीनें आधीं डोंगराचा छेद घेऊन थर उघडे केले, आणि मग माणसानें त्यांतील योग्य थर निवडून छिन्नी लावली. चोविसावें लेणें अपूर्ण राहिलें आहे, म्हणून प्रवासी तें ओलांडून पुढें जातात. आमच्या मतें मुलांना प्रथम तेंच दाखवावें. कारण दगड कसा फोडीत नेला, खांब कसे सोडले, हें जेवढें अपुऱ्या कामांत दिसतें तेवढें पुऱ्या झालेल्या कामांत दिसत नाहीं. चित्रांतील निळा रंग बाहेरून आणलेल्या लाजवर्दाचा. परंतु हिरवा रंग हिरव्या मातीचा आहे, आणि तशी हिरवी माती ह्याच खडकाच्या पोकळ्यांत सांपडते. म्हणजे भिंत, तिचा पाषाण आणि तिच्यावरील पानांचा रंग हीं एकाच डोंगराचीं लेंकरें.

वेरूळची गोष्टही तशीच. शहरापासून अवघ्या तीस किलोमीटरांवर चौतीस लेणीं, आणि त्यांत सोळावें तें कैलास. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळीं, आठव्या शतकांत, डोंगराच्या माथ्यापासून खालीं खोदीत आणून सुमारें तीस मीटर उंचीचें हें मंदिर मोकळें केलें. बडोदें येथें सांपडलेल्या कर्कराजाच्या ताम्रपटांत असें वर्णन आहे कीं, तें घडविणारा शिल्पी स्वतःच आपलें काम पाहून थक्क झाला. पायापासून वर बांधीत जाणाऱ्या गवंड्यास चूक झाल्यास दगड बदलतां येतो. वरून खालीं खोदणारास ती सोय नाहीं. खालच्या थराचा अंदाज वरूनच बांधावा लागतो. तेव्हां भूशास्त्र हा शब्द नसला तरी त्या शिल्प्यांना तें शास्त्र हातानें अवगत होतें, असें म्हणण्यास काय हरकत आहे? तीच गोष्ट देवगिरीच्या किल्ल्याची. तेथें डोंगराचा कडा चोहोंबाजूंनीं उभा तासून त्यालाच तट केलें आहे.

अशा प्रदेशाचें भू-उद्यान व्हावें काय, आणि झालें तर त्याची सीमा कोठें असावी? नियम असा आहे कीं, प्रदेश सलग पाहिजे. इकडचें एक स्थळ आणि तिकडचें एक स्थळ अशी मोट बांधून चालत नाहीं. लोणारचें सरोवर आपल्या शहरापासून सुमारें दीडशें किलोमीटरांवर बुलढाणा जिल्ह्यांत आहे. आकाशांतून आलेल्या आघातानें ह्याच काळ्या पाषाणांत झालेला तो सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. चंद्रमंगळावरील खड्ड्यांशीं तुलना करण्यास जगांतील अभ्यासक तेथें येतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानें १९७९ सालीं त्यास राष्ट्रीय भूस्मारक मानलें, आणि २०२० सालीं तें रामसर यादींत आलें. त्याचें उद्यान स्वतंत्रच होणें योग्य. कुकडी नदीच्या पात्रांतील निघोजचे रांजणखळगेही तसेच दूर राहतात. परंतु अजिंठ्यापासून पश्चिमेकडे डोंगराची जी रांग जाते, तिच्यांत गौताळ्याचें अभयारण्य आहे, पितळखोऱ्याचीं प्राचीन लेणीं आहेत, आणि दक्षिणेकडे उतरत आलें कीं वेरूळ, खुलताबाद आणि देवगिरी लागतात. डोंगराच्या उत्तर पायथ्याशीं पाटण आहे. तेथील तेराव्या शतकाच्या आरंभींच्या शिलालेखांत भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं त्यांच्या नातवानें मठ स्थापिल्याची नोंद आहे. ज्या डोंगराच्या पायथ्याशीं सिद्धांतशिरोमणीचें अध्यापन झालें, त्याच डोंगराचा धडा आज कोणी घेत नाहीं, ही विसंगति आमच्या मनास फार बोंचते.

आतां आक्षेपांचा विचार केला पाहिजे. शेतकऱ्यास पहिली धास्ती जमिनीची. उद्यान झालें म्हणजे जमीन गेली, असें त्यास वाटतें, आणि आजवरचा अनुभव पाहतां त्याचें चुकतें असेंही म्हणवत नाहीं. युनेस्कोची ही मान्यता स्वतः कोणाची जमीन घेत नाहीं, कीं नवा कायदा लादीत नाहीं. देशांत जे कायदे असतील तेच चालतात. आपल्या केंद्रीय खाण मंत्रालयानें २०२२ च्या डिसेंबरांत भूवारसास्थळांच्या रक्षणाच्या कायद्याचा मसुदा लोकमतासाठीं प्रसिद्ध केला होता. अशा कायद्याची आवश्यकता आम्हांस मान्य आहे. परंतु तो करतांना ज्या गांवाच्या शिवेंत तें स्थळ आहे त्या ग्रामसभेस विचारलें पाहिजे, हेंही तितकेंच आवश्यक आहे. ज्यास विचारलें नाहीं तो राखणही करीत नाहीं.

दुसरा आक्षेप गर्दीचा. आधींच लेण्यांत माणसांचा आणि प्लॅस्टिकचा पूर येतो, त्यांत ही भर कशास? ह्यावर आमचें म्हणणें असें कीं, आज गर्दी होते ती दोन ठिकाणीं आणि दोन तासांपुरती. प्रवासी येतो, छायाचित्र काढतो आणि परत जातो. घाटांतील थर, नदीचें पात्र, गेरूची ओळ, जुन्या विहिरीचा कांठ हींही पाहण्याचीं स्थळें झालीं, तर तीच माणसें पांगतील, एक रात्र गांवांत राहतील, आणि भाकरी-पिठल्याचे चार पैसे गांवांत पडतील.

तिसरा आक्षेप आमच्या विद्यार्थ्याचा, आणि तो सर्वांत अवघड. भू-उद्यानांचा नियम स्पष्ट आहे. उद्यान चालविणाऱ्या संस्थेनें जीवाश्म, खनिजें आणि खडे ह्यांच्या विक्रींत भाग घेऊं नये, आणि अशा व्यापारास उत्तेजनही देऊं नये. अध्ययनासाठीं विचारपूर्वक नमुने गोळा करण्यास मात्र सवड आहे. नियम योग्य आहे, कारण स्फटिक पुन्हां उगवत नाहीं. आंब्याचें फळ तोडलें तर पुढील वर्षीं येतें. ह्या फळाचा हंगाम कोट्यवधि वर्षांपूर्वींच होऊन गेला. परंतु न्याय एकाच बाजूनें करून भागणार नाहीं. परडींतील बहुतेक माल खाणींतून आणि विहिरींच्या सुरुंगांतून निघतो. तो कोणीं उचलला नाहीं तर खडी होऊन रस्त्याखालीं जातो. मग रस्त्याखालीं गेलेला खडा रक्षिला गेला आणि परडींतला नष्ट झाला, असें कसें म्हणावें? तेव्हां ज्या दिवशीं उद्यानाची पाटी लागेल त्याच दिवशीं परडी उचलावयास लावणें हा धर्म नव्हे. प्रथम दुसरी चूल पेटवावी, आणि मग ही विझवावी.

ती दुसरी चूल कोणती? आमच्या मतें ती ज्ञानाची. आणि येथें आमचा स्वतःचा अपराध आम्हीं कबूल केला पाहिजे. आमच्या शाळेच्या आवारांत एक जुनी विहीर होती. तिच्या भिंतींत वरपासून खालपर्यंत काळी माती, मुरूम, मांजऱ्या, गेरूची तांबडी रेघ आणि तळाशीं काळा पाषाण असा सगळा धडा उघडा पडलेला होता. आम्हीं मुलांना त्या विहिरीजवळ फिरकूं दिलें नाहीं. कोणी पडेल ही भीति खरी, पण दोरी बांधून कांठावरून दाखवितां आलें असतें. त्याऐवजीं फळ्यावर "बसाल्ट हा अग्निजन्य खडक आहे" हें वाक्य आम्ही लिहीत गेलों. मराठवाड्यांत दुष्काळाचा फेरा जुना. घट्ट पाषाणांत पाणी राहत नाहीं. झिजलेल्या, सच्छिद्र आणि भेगाळलेल्या थरांत राहतें. एवढी एक गोष्ट मुलांना कळती, तर मोठेपणीं नुसत्या नारळाच्या भरंवशावर विंधणविहिरी घेऊन कर्जांत बुडालेलीं कांहीं घरें तरी वांचतीं. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ पासून आहे, तिचे तक्ते आहेत, नकाशे आहेत. पण ते शाळेच्या भिंतीवर कोठें आहेत? सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें आमच्या शहरास जमिनीखालून पाणी आणणारी नहर बांधली, ती ह्याच भूमीचा स्वभाव ओळखून. त्यानंतर चारशें वर्षांत आपलें ज्ञान वाढलें कीं आटलें, हा प्रश्न विचारावासा वाटतो.

म्हणून भू-उद्यानाचा आरंभ फाटकापासून नव्हे, शाळेपासून व्हावा. प्रत्येक शाळेंत गांवच्या दगडांची एक फळी असावी. त्यावर प्रत्येक नमुन्यापुढें तो कोणाच्या विहिरींतून, किती खोलीवरून निघाला तें मुलानें आपल्या अक्षरांत लिहावें. सहलीच्या दिवशीं लेण्यांत शिरण्यापूर्वीं अर्धा तास नुसता समोरचा कडा पाहावा आणि थर मोजावेत. आणि हें समजावून सांगणारा शहरांतून आणलेला पढीक नसून त्या गांवचा असावा. त्यास महाविद्यालयांतील भूशास्त्राच्या अध्यापकांनीं चार महिने शिकवावें, परीक्षा घ्यावी, दाखला द्यावा, आणि प्रवाशानें त्याच्या सांगण्याचें मोल द्यावें.

हें सर्व मनांत जुळवून आम्ही फाल्गुनांत पुन्हां फर्दापुरास गेलों, आणि त्या विद्यार्थ्यास सांगितलें कीं, तुझ्या प्रश्नाचें उत्तर आणलें आहे. त्यानें सगळें शांतपणें ऐकून घेतलें, परडी शेजाऱ्याकडे दिली आणि म्हणाला, "चला गुरुजी, आता मी दाखवतो." घाटाच्या वाटेवर त्यानें आम्हांस एकेक थर दाखविला. कोणत्या थरांत गुलाबी माल निघतो, कोणत्यांत नुसतीच गार निघते, गेरू लागला कीं पाणी जवळ आहे कीं नाहीं हें विहिरीवरचे लोक कसें ताडतात, आणि पोकळी फोडण्यापूर्वीं दगडाचा आवाज कसा ऐकावा, हें त्यास सारें ठाऊक होतें. त्याच्याजवळ नांवें नव्हतीं आणि काळ नव्हता. आमच्याजवळ नांवें आणि काळ होता, पण डोंगर नव्हता. त्या दिवशीं तो सांगत होता आणि आम्ही वहींत लिहून घेत होतों. उलट क्रमानें कां होईना, धडा तीस वर्षांनीं पुरा झाला.

परततांना आम्हीं विचारलें, "मग, दाखला मिळाला तर परडी ठेवशील ना?"

तो थोडा वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "गुरुजी, तुमच्याशी खोटं बोलणार नाही. ज्या दिवशी सांगण्याची मजुरी विकण्याच्या मजुरीइतकी होईल, त्या दिवशी ठेवीन. त्याआधी नाही."

ह्या उत्तरानें आम्ही नाराज झालों नाहीं. उलट संपूर्ण योजनेचें मर्म त्यांत आलें आहे असें आम्हांस वाटतें. सांगण्याची मजुरी किती असावी हें ठरविणारे सरकार नाहीं आणि युनेस्कोही नाहीं. तें ठरविणारे आपण, लेणीं पाहावयास जाणारीं कुटुंबें. आपण खड्याला दोनशें रुपये देतों आणि तो कपाटांत धूळ खात पडतो. ज्याला डोंगर ठाऊक आहे त्याच्याजवळ मात्र आपण उभेही राहत नाहीं. म्हणून आमच्या वाचकांस एवढीच विनंति आहे. पुढच्या सुटींत मुलांना घेऊन वेरूळ-अजिंठ्यास याल तेव्हां परडीवाल्यास "केवढ्याला?" असें विचारण्यापूर्वीं "हा कोठून निघाला, आणि तो थर आम्हांला दाखवाल का?" असें विचारून पाहा. तो दाखवील. त्याबद्दल त्यास खड्याएवढेच पैसे द्या, आणि खडा त्याच्याचजवळ राहूं द्या. मुलाच्या हातांत कांहीं राहिलें नाहीं असें घरीं येईपर्यंत वाटेल. पण वाटेंत मुलें घाटाच्या पायऱ्या मोजीत असतील, आणि ती मोजणी त्यांच्याजवळ राहील.